नाव कापायच्या आधी

दिवसभर पाण्यात राहिलेली जोडनाव, म्हणजे बोल्टने जोडलेली दोन तुकड्यांची नाव, काठावर ओढून घेतली, की ती उघडायची वेळ येते. चार विंग नट सैल करायचे, बोल्ट मागे ढकलायचे आणि पुढचा अर्धा भाग दोन्ही हातांनी धरून जरा हलवायचा. मधल्या फटीत अडकलेलं पाणी भसकन खाली सांडतं, वाळूत जिरतं, आणि नावेच्या दोन भागांची समोरासमोरची तोंडं पहिल्यांदा उजेडात येतात. एरवी ती कुणाला दिसत नाहीत. तिथे चार भोकं असतात. तीन स्वच्छ, आणि खालच्या डाव्या बोल्टच्या भोकाभोवती नखाएवढ्या रुंदीचा काळा वेढा. बाहेरून रंग कालच दिल्यासारखा, वार्निशवर एक ओरखडा नाही, आत पाणी आलेलं नाही. तरी त्या काळ्या कडेवर नख दाबलं तर ते किंचित आत जातं, आणि काढलं की त्याच्याबरोबर ओला रेषा निघतो.

आठ मिलिमीटरचं भोक. एवढंच.

पण ते पाहिल्यावर बाकीच्या नावेकडे पहिल्या नजरेने पाहता येत नाही. कारण हा काळा वेढा या मोसमातला नसतो. तो नाव बांधायला घेतली त्या पहिल्या आठवड्यातला असतो. तेव्हा दोन आडभिंती, म्हणजे कापायच्या जागी नावेत आडव्या बसणाऱ्या प्लायच्या भिंती, टेबलावर एकावर एक शिकंज्यात धरल्या होत्या, ड्रिलने त्यांना चार भोकं पाडली होती, आणि भोकाच्या आतल्या बाजूचं काय करायचं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सुट्या होणाऱ्या नावेबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या भोकाभोवतीच फिरतं. अशी नाव जिथे कापली जाते तिथेच ती जगते किंवा मरते, आणि तिथली खरी कामं करवत हातात घ्यायच्या कितीतरी आधी उरकलेली असावी लागतात.

नाव दोन तुकड्यांत का करायची, हे ज्याच्याकडे तीन मीटरची सलग जागा नाही त्याला सांगावं लागत नाही. सहा मिमी प्लायची तीन मीटरची नाव शिडाशिवाय पन्नासेक किलोची होते. ती एकट्याने उचलून जिन्यावरून नेता येत नाही, गाडीच्या टपावर चढवताना कंबर धरते. दोन भाग केले की पुढचा वीस-बावीस किलोचा आणि मागचा तीसच्या थोडा वर येतो. पुढचा भाग मागच्यात उलटा किंवा सुलटा बसेल असा आकार असेल तर सगळी नाव पावणेदोन मीटरच्या जागेत मावते. याची किंमत म्हणजे एकाऐवजी दोन आडभिंती, बोल्ट, जास्तीचं रेझिन. सगळं मिळून साधारण पाच किलो वजन. आणि एक कायमची शंका, की ही नाव एकसंध नाही. ही शंका वाईट नसते. तिच्यामुळेच माणूस दर वेळी फटीत डोकावतो.

घरी नाव बांधणाऱ्यांचं काम ज्या पद्धतीने सोपं केलं, ती म्हणजे टाके घालून चिकटवण्याची. १९६३ मध्ये लोकांसमोर आलेली मिरर ही ३.३ मीटरची छोटी नाव याच पद्धतीची. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती अशी आखली की सुतारकामाची तालीम नसलेल्या माणसालाही प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवून, सांध्यावर काचेच्या कापडाची पट्टी चिकटवून नाव उभी करता यावी. तिची शिडाची काठीसुद्धा अशा तुकड्यांत होती की ते सगळे नावेच्या लांबीत मावत. मिरर कापलेली नाही, पण ‘घरात बांधता येईल आणि बरोबर नेता येईल’ हा विचार तिने रुजवला. आजची जोडनाव त्याच विचाराचं पुढचं पाऊल आहे.

सुरुवात प्लायपासून. मरीन प्लायमध्ये भारी असतो तो आतला गोंद आणि आतले थर, वरचा देखणा पापुद्रा नव्हे. साध्या प्लायमध्येही पाण्याला टिकणारा गोंद असू शकतो, पण आतल्या थरांत फटी राहिलेल्या असतात, आणि फळी वाकवताना ती नेमकी तिथेच मोडते. म्हणून शीट घेताना चारही कडा डोळ्याजवळ धरून पाहाव्यात, काळी पोकळी दिसली तर ती शीट बाजूला ठेवावी. एक तुकडा तासभर उकळावा, वाळवावा, पुन्हा उकळावा. थर सुटले तर निर्णय झाला. ओकूमे प्लाय हलका, सहा मिमीची पूर्ण शीट नऊ किलोंच्या आसपास, रंधा मारला की फिकट गुलाबी भुसा पडतो. मेरांटीचा प्लाय जड, पण दमट हवेत कुजायला जास्त वेळ घेतो. तीन मीटरच्या नावेला सहा मिमीच्या तीन शीट आणि आडभिंतींसाठी नऊ मिमीची अर्धी लागते.

शीट २४४० मिमी लांब आणि नाव तीन मीटरची, म्हणजे फळीला सांधा आलाच. एकसंध नावेत त्यासाठी दोन्ही टोकं तिरकी तासून एकमेकांवर चढवावी लागतात. जाडीच्या आठपट, म्हणजे सहा मिमीला ४८ मिमी लांब उतार. जोडनावेत हे काम टाळता येतं. फळीचा सांधा जिथे नाव कापायची तिथेच आणायचा. तोवर फळ्या टोकाला टोक लावून वरून प्लायच्या पट्टीने तात्पुरत्या धरायच्या. मात्र पट्टी आखूड असली की त्या जागी वळण तुटतं आणि बाजूला कोपर आल्यासारखं दिसतं. पट्टी निदान तीस सेंटीमीटर हवी, आणि काठावर लांब लवचीक पट्टी धरून नजर टाकायला हवी. अर्ध्या मिलिमीटरचा कोपरा फूटपट्टीला सापडत नाही, पण एक डोळा मिटून काठाच्या रेषेत पाहिलं की लगेच खटकतो.

उजवी-डावी फळी एकावर एक ठेवून एकदमच कापायची आणि एकदमच रंधायची, म्हणजे चूक झाली तरी दोन्हीकडे सारखी होते. कडेपासून दहा मिमीवर, दीड-दोन मिमीची भोकं, पंधरा सेंटीमीटरच्या अंतराने. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, जिथे फळी पिळली जाते तिथे पाच-पाच सेंटीमीटरवर. तारेचे टाके बाहेरून पिळत गेलं की टेबलावरच्या सपाट फळ्या हळूहळू उभ्या राहतात, तळ आणि बाजू एकमेकींकडे ओढल्या जातात, आणि संध्याकाळपर्यंत खोलीत नाव असते. हा दिवस फसवा आहे. सगळं झाल्यासारखं वाटतं, आणि खरं तर चिकटलेलं काहीच नसतं. याच दिवशी सगळ्यात जास्त मोजमाप करावं. पुढच्या आणि मागच्या टोकावर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून मागून पाहायचं. दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत दिसल्या पाहिजेत. एक टोक दोन मिमीने जरी वर असलं तरी नावेला पीळ आहे. आत्ता तो एका कोपऱ्याखाली पाचर सरकवून जातो. चिकटल्यावर तो आयुष्यभर राहतो, आणि ती नाव एका अंगाने वारा घेताना सरळ जाते नि दुसऱ्या अंगाने सुकाणूशी भांडते.

आता आडभिंती. त्यांचं काम मात्र टाके घालायच्या आधीचं, आणि काळ्या वेढ्याचं मूळ इथेच आहे. दोन्ही आडभिंती एकाच मापाने कापून शिकंज्यात एकत्र धरायच्या. बोल्टच्या जागा आखायच्या: दोन वर काठाजवळ, दोन खाली, तळापासून साधारण साठ मिमीवर. जितके खाली तितकं चांगलं, पण तळाच्या कोपऱ्यात रेझिनची गोलाई येणार आणि नट फिरवायला बोटं शिरली पाहिजेत, हे धरून. आठ मिमीचा बोल्ट आहे म्हणून आठ मिमीचं भोक पाडून मोकळं होणं, हीच ती चूक. प्लाय म्हणजे आडव्या-उभ्या रेषांच्या पातळ थरांची चवड. भोक पाडलं की त्यातल्या कितीतरी रेषांची तोंडं उघडी पडतात, आणि लाकडाचा रेषा म्हणजे झाडाने पाणी चढवण्यासाठी बनवलेली नळी. आतून ब्रशने रेझिन लावलं तरी पहिल्या दहा वेळा बोल्ट आत-बाहेर झाला की त्याच्या आट्या तो थर कानशीसारख्या खरवडून काढतात. मग खालच्या भोकात, जे कायम पाण्यात असतं, नळ्या पिऊ लागतात. वरची दोन भोकं वर्षानुवर्षं शाबूत राहतात, म्हणून कुणाला कळत नाही.

योग्य रीत कंटाळवाणी आहे. आठच्या बोल्टसाठी सोळाचं भोक पाडायचं. आत पातळ एपॉक्सी (रेझिनमध्ये हार्डनर मिसळलं की कडक होणारा गोंद) दोन-तीनदा ब्रशने पाजायचं, लाकूड पिईल तेवढं पिऊ द्यायचं. एका बाजूला चिकटपट्टी लावून बूड बंद करायचं, आणि सिलिकाची भुकटी घालून घट्ट केलेलं एपॉक्सी दुसऱ्या बाजूने भरायचं, काडीने टोचत, म्हणजे हवेचा बुडबुडा राहत नाही. दोन दिवस थांबायचं. मग दोन्ही आडभिंती पुन्हा शिकंज्यात धरून त्या भरलेल्या जागेच्या मधोमध साडेआठचं भोक पाडायचं. आता बोल्टभोवती चारी बाजूंनी पावणेचार मिमीची रेझिनची नळी आहे, आणि लाकडाची नि बोल्टची भेटच होत नाही.

एपॉक्सीबद्दल थोडं सावकाश बोलायला हवं, कारण बहुतेक नावा लाकडामुळे बिघडत नाहीत, घाईने केलेल्या मिश्रणामुळे बिघडतात. हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर सुकतं, हा समज चुकीचा आहे. प्रमाण चुकलं की ते कधीच पूर्ण कडक होत नाही, महिन्यानंतरही अंगठ्याखाली चिकट लागतं, आणि मग खरवडून काढण्याशिवाय इलाज नाही. मिसळलेलं एपॉक्सी खोल भांड्यात राहू दिलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धुरकटतं, भांडं वितळवतं. पसरट ताटलीत ओतलं तर तेच दुप्पट वेळ टिकतं. लाकडावर पहिला हात संध्याकाळी द्यावा, हवा गार होत असताना. सकाळी दिला तर दिवस तापतो, लाकडातली हवा फुगते आणि ओल्या थरातून बाहेर पडताना हजारो बारीक टाचणीची भोकं ठेवून जाते. दमट हवेत कडक झालेल्या थरावर मेणासारखा बुळबुळीत पापुद्रा येतो. तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवायचा. न धुता पॉलिश पेपर मारला तर तोच पापुद्रा ओरखड्यांत भरला जातो आणि पुढचा थर धरत नाही. आणि हातमोजे पहिल्या दिवसापासून. कातडीला याची ॲलर्जी एकदा जडली की माणसाला हे काम सोडावं लागतं.

टाक्यांच्या मधल्या जागांत घट्ट एपॉक्सीचे छोटे ठिपके द्यायचे, ते कडक झाले की तारा काढायच्या. अडकलेली तार सोल्डरिंग आयर्नने तापवली की निमूटपणे सरकते. मग आतल्या प्रत्येक कोपऱ्यात लाकडाच्या पिठीने घट्ट केलेल्या एपॉक्सीची गोलाई भरायची. चमचा उलटा केला तरी पडू नये इतपत घट्ट. गोल टोकाच्या पट्टीने एकाच दमात ओढायची, आणि ती पूर्ण कडक व्हायच्या आत तिच्यावर ७५ मिमी रुंदीची काचेच्या कापडाची पट्टी बसवायची. ओल्यावर ओलं बसलं की दोन्ही एकजीव होतात आणि घासाघाशीचा एक पूर्ण दिवस वाचतो. कापड पांढरं असतं, रेझिन प्यायलं की दिसेनासं होतं. पांढरा ठिपका राहिला म्हणजे तिथे ते कोरडं आहे.

या टप्प्यावर आडभिंतींची जोडी नावेत बसलेली असते. दोघींच्या मध्ये चार मिमीची फट, त्या फटीत चिकटपट्टी गुंडाळलेले प्लायचे तुकडे, आणि चारही बोल्ट मेण लावून आवळलेले. फट कमी ठेवली तर करवत आडभिंतीला चावते. जास्त ठेवली तर कापल्यावर दोन्हीकडे ओठ बाहेर राहतात, आणि ते काढून दोन भाग जवळ आणले की बाजूची रेषा तुटलेली दिसते. म्हणून कापायची जागा नावेच्या सगळ्यात रुंद भागाजवळ घ्यावी, जिथे दोन्ही बाजू जवळजवळ समांतर असतात. काठपट्ट्या अखंडच चिकटवायच्या, त्याच नावेचं वळण धरून ठेवतात. बाहेरून काचेचं कापडही अखंड चढवायचं.

आणि मग ती कापायची.

पूर्ण झालेली, घासून गुळगुळीत केलेली, प्रकाश परतवणारी नाव समोर असताना तिच्या मध्यावर करवत ठेवणं जड जातं. कितीही नकाशे पाहिलेले असोत, हात थांबतो. मला वाटतं तो थांबणं रास्तच आहे, कारण इथून मागे फिरता येत नाही. पण त्या थांबण्याचा उपयोग करून घ्यावा: खाली चार टेकू आहेत का, दोन पुढच्या भागाला, दोन मागच्याला? दोनच असले तर शेवटच्या दोन इंचांत नाव स्वतःच्या वजनाने वाकते आणि तळाचा प्लाय फाटतो. फटीचे तुकडे करवतीच्या वाटेत तर नाहीत ना? चारही बोल्ट घट्ट आहेत ना? मग बारीक दातांची, ओढून कापायची पातळ करवत घेऊन एका काठपट्टीपासून सुरुवात करायची. काठपट्टीत करवतीचा आवाज जड आणि भरीव असतो. बाजूच्या प्लायमध्ये तो पातळ होतो, आणि आतल्या पोकळीमुळे पूर्ण नाव घुमू लागते. तळाशी कापडाच्या दुहेरी थरात पुन्हा खरखरीत. एक बाजू, दुसरी बाजू, शेवटी तळ. पाऊण तासाचं काम आहे. बोल्ट काढले की दोन्ही भाग आपापल्या टेकूंवर शांत उभे राहतात, काहीही हलत नाही, आणि मघाची धाकधूक कशाबद्दल होती ते आठवत नाही.

कापलेल्या कडा म्हणजे पुन्हा उघड्या नळ्या, नावेच्या घेराभर. ओठ रंध्याने आडभिंतीच्या पातळीत आणायचे, धारदार कोपरा तीन मिमीने गोल करायचा, कारण काचेचं कापड काटकोनात वळत नाही, उचललं जातं. तीन वेळा पातळ एपॉक्सी पाजायचं आणि बाहेरून आडभिंतीच्या तोंडावर वळवलेली पट्टी चढवायची. पाणी या फटीत येणारच. ते अडवायचा हट्ट धरू नये. प्रत्येक अर्धा भाग स्वतंत्र बादलीसारखा पाणीबंद असला म्हणजे झालं. फटीत पाणी हिंदकळू नये, पिचकारी उडू नये म्हणून तीन मिमी जाडीची बंद पेशींची रबरी फोमपट्टी पुरते. बोल्टच्या डोक्याखाली आणि नटाखाली रबरी वायसर.

सांध्यावर जोर किती येतो, याचा हिशेब एकदा करून पाहिला की भीती जागच्या जागी बसते. तीन मीटरच्या नावेच्या मध्यावर ऐंशी किलोचा माणूस बसला आणि पाणी तिला सगळीकडून सारखं उचलतंय असं धरलं, तर मध्यावर वाकवणारा जोर सुमारे तीस किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, अंतर नव्हे). नाव मध्ये खचू पाहते, वरचे काठ एकमेकांवर दाबले जातात आणि खालचा सांधा उघडू पाहतो. काठ आणि खालचे बोल्ट यांत पस्तीस सेंटीमीटर अंतर असेल तर खालच्या दोन बोल्टांवर मिळून पंच्याऐंशी किलोंच्या आसपास ओढ येते. लाटांत ती तिप्पट धरा. आठ मिमीचा स्टेनलेसचा बोल्ट ताणला जायला दीड टनाच्या पुढे जोर लागतो. म्हणजे बोल्ट तुटत नाही. वायसरखालचं लाकूड दबतं. सोळा मिमीच्या नेहमीच्या वायसरखाली जेमतेम दीड चौरस सेंटीमीटर जागा असते, तीस मिमीच्या मोठ्या वायसरखाली साडेसहा. फरक तिथे पडतो, दहाचा किंवा बाराचा बोल्ट घालून नाही. लाट मध्याखाली आली की उलट होतं, वरचे बोल्ट ओढ घेतात, म्हणून तेही नावापुरते ठेवून चालत नाहीत. आणि स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की आट्या एकमेकींत जाम होतात, मग पाण्यात उभं राहून करवतीने बोल्ट कापावा लागतो. चिमूटभर ग्रीस पुरतं.

शिडाच्या बाबतीत एकच नियम पाळला तरी चालतो: कुठलीही काठी अर्ध्या नावेपेक्षा फार लांब नको. तीन मीटरच्या नावेला पाच-सहा चौरस मीटरचं शीड भरपूर. डोलकाठी ५० मिमीच्या ॲल्युमिनियम नळीची दोन तुकड्यांत, आतल्या जोडनळीने. जोड व्यासाच्या निदान चौपट खोल, नाहीतर ती खुळखुळते आणि भोक लांबट होतं. सुकाणू मागच्या भागात. पाण्यात उतरवायच्या पात्याची पेटीही मागच्याच भागात, आडभिंतीला टेकून, आणि तिची उंची अशी की पुढचा भाग आत बसताना अडणार नाही. मधली बसायची फळी काढता येणारी. हे सगळं कागदावर ठरवण्यापेक्षा पुठ्ठ्याचे दोन छोटे भाग कापून एकात एक बसवून पाहावं. पंधरा मिमीची मोकळीक कमी पडते का, ते हातालाच कळतं.

जोडताना पहिलं काम म्हणजे दोन्ही तोंडं ब्रशने झाडणं. वाळूचा एक कण मध्ये राहिला तरी फट एका बाजूला उघडी राहते, आणि ती बंद करायला नट आवळत गेलं की तो कण रबरातून प्लायच्या काचेपर्यंत रुतून बसतो. खालचे दोन बोल्ट आधी, बोटाने फिरतील इतकेच; मग वरचे दोन; मग फेरीफेरीने चारही.

आणि खालच्या डाव्या भोकाचा काळा वेढा. त्याच्यावर वरून रंग किंवा रेझिन लावून तो बंद करण्याचा मोह होतो. तसं केलं की ओल आतच कोंडली जाते आणि काळेपणा थरांमधून पसरत राहतो. भोक पटाशीने कोरत जायचं, मऊ रेषा संपून कोरडं, कुरकुरीत, फिकट लाकूड लागेपर्यंत. कधी ते वीस मिमीवर लागतं, कधी चाळीसवर. मग पंधरा दिवस तो भाग सावलीत, वाऱ्यावर उभा ठेवायचा. लाकूड हाताला गार लागायचं थांबलं की पातळ एपॉक्सी, मग सिलिका घातलेलं घट्ट एपॉक्सी, आणि दोन दिवस स्वस्थता. नंतर दोन्ही भाग राहिलेल्या तीन बोल्टांनी जोडायचे आणि समोरच्या आडभिंतीचं शाबूत भोक वाट म्हणून वापरून त्यातूनच ड्रिल पुढे घालायचं. सावकाश, भुसा पाहत. सिलिकाचा भुसा पांढरा पडतो, पिठासारखा. त्यात एक जरी गुलाबी कण दिसला तर ड्रिल लाकडाला लागलं आहे. थांबायचं, सोळाचं भोक पाडायचं, आणि परत भरायचं.